टोळ : निरंक

आमच्या आळीतल्या मुलांचे वडील बँकेत होते, पोस्टात होते, एस.टी.त होते. एकाचे वडील तर तुरुंगात होते, पण ते तिथे हेडक्लार्क होते. माझे वडील टोळांत होते.

चौथीत 'माझे वडील' या विषयावर निबंध आला तेव्हा मी हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मास्तरांनी लाल शाईने 'टोळांत' खोडून 'टोळीत' केलं. मग आपण काय लिहून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी तेही खोडलं आणि खाली शेरा मारला : 'वडिलांना भेटण्यास पाठवणे.' आता वडील भेटणार कसे? ते त्या वेळी वाईपासून हजार-बाराशे किलोमीटरवर, जैसलमेरच्याही पलीकडे एका वाळूच्या टेकडीवर उभे राहून टोळ मोजत होते. खरं सांगायचं तर, टोळ नाहीत हे मोजत होते.

अण्णा केंद्र सरकारच्या टोळ इशारा संघटनेत होते. ही संघटना टोळांना इशारा देते की टोळांबद्दल माणसांना, हे आमच्या आजीला शेवटपर्यंत उमगलं नाही. तिची समजूत अशी होती, की तिचा मुलगा सरकारी टोपी घालून वाळवंटाच्या वेशीवर उभा राहतो आणि टोळ दिसले की 'खबरदार!' म्हणून ओरडतो. समजूत अगदीच चूक नव्हती. १९३९ साली इंग्रजांच्या अमदानीत सुरू झालेली ही संघटना. मैदानातला कारभार जोधपूरहून चालायचा आणि राजस्थान, गुजरात, हरयाणा मिळून दोन लाख चौरस किलोमीटरच्या वर वाळवंट तिच्या नजरेखाली असायचं. वाळवंटात पाऊस पडला, वाळू ओली झाली, चार हिरवी पानं उगवली, की टोळ अंडी घालतात. म्हणून पावसाळा लागला की माणसांनी गाडी काढायची आणि हिंडायचं.

त्यामुळे आमच्या घरचा पंचांगाशी उलटा व्यवहार होता. लोक आषाढात पंढरपूरला जात, अण्णा आषाढात जैसलमेरला जात. ते कार्तिकीनंतर परत यायचे, तेव्हा त्यांच्या ट्रंकेतून कपड्यांपेक्षा वाळू जास्त निघायची. आई ती वाळू टाकून न देता तुळशीच्या कुंडीत घालायची. मधले पाच महिने अण्णा आमच्या घरी पत्ररूपाने राहत.

पत्र यायचं ते आजीच्या नावाने. घरात वडीलधारं माणूस असताना नवऱ्याने परस्पर बायकोला पत्र लिहिणं म्हणजे त्या काळी आमच्या आळीत वर्तमानपत्रात बातमी येण्यासारखंच होतं. पोस्टमन ओसरीवर आंतर्देशीय टाकायचा, मी ते जेवणाच्या ताटल्या मांडायच्या आधी मोठ्याने वाचायचो. श्रोते : आजी, शेजारच्या काकू, काकूंच्या मांडीवरचं जे कोण असेल ते, आणि स्वयंपाकघराच्या दाराआड आई.

पत्राचा मायना शिरसाष्टांग असायचा. पण तो संपला की अण्णांमधला मुलगा बाजूला व्हायचा आणि सरकार बोलू लागायचं :

'(१) प्रकृती : समाधानकारक. (२) हवामान : कोरडे. वारा नैऋत्येकडून. (३) पाऊस : नाही. (४) हिरवळ : तुरळक, वाळत चाललेली. (५) टोळ : निरंक. (६) घरातील सर्वांची खुशाली उलट टपाली कळवावी.'

"निरंक म्हणजे किती रे?" आजी पहिल्या पत्रालाच विचारती झाली.

"म्हणजे शून्य, आजी. एकही नाही."

आजीने गंभीरपणे मान हलवली. पुढच्या पत्रात टोळ निरंक. त्याच्या पुढच्यातही निरंक. श्रावण संपला, भाद्रपद लागला, टोळ आपले निरंकच. तेव्हा मात्र आजीच्या पोटात खड्डा पडला. टोळ शोधायला नोकरीवर ठेवलेल्या माणसाला चार-चार महिने टोळ सापडत नसतील, तर सरकार त्याला किती दिवस पोसणार? "अरे, मारुतीच्या देवळाच्या पुजाऱ्यालासुद्धा मारुती असावा लागतो," ती म्हणाली. आणि तिने ढोल्या गणपतीला नवस बोलला : 'माझ्या पोराला दोन-चार तरी टोळ दिसू देत, एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखवीन.'

देशभरच्या शेतकऱ्यांनी टोळ येऊ नयेत म्हणून देव पाण्यात घातलेले असताना, टोळ यावेत म्हणून नवस बोललेली आमची आजी ही भारतातली एकमेव बाई असावी.

तिला बिचारीला काय ठाऊक, की अण्णा नोकरीला लागले तेच मुळी शांततेच्या काळात. टोळांची शेवटची मोठी साथ १९५९ ते १९६२ अशी चार वर्षं चालली आणि ओसरली. अण्णा १९६६ साली रुजू झाले. म्हणजे लढाई संपल्यावर भरती झालेल्या शिपायासारखी त्यांची गत. बंदूक पुसायची, पहारा द्यायचा आणि रोज वहीत लिहायचं : शत्रू निरंक.

या निरंकपणावर अण्णांची इतकी निष्ठा होती, की त्यापुढे त्यांना इतर काही दिसत नसे. मे १९७४ मध्ये ते पावसाआधीच्या पाहणीसाठी पोकरणच्या बाजूला होते. त्या आठवड्याचं पत्र असं : 'शनिवारी सकाळी न्याहारीच्या वेळी जमीन किंचित हालल्यासारखी वाटली. चहा सांडला. टोळ : निरंक.' तो शनिवार १८ मेचा. भारताने त्या दिवशी पोकरणला पहिला अणुस्फोट केला. सारं जग हादरलं, वर्तमानपत्रांनी पानं भरली आणि आमच्या घरी प्रत्यक्ष त्या मुलुखातून जे वृत्त आलं त्यात चहा सांडला एवढीच हानी नोंदवलेली होती.

१९७७ पासून टोळांसाठी भारत-पाकिस्तानच्या अधिकाऱ्यांच्या बैठका सीमेवर होऊ लागल्या. इकडून मुनाबाव, तिकडून खोखरापार. ह्या दोन गावांमधली रेल्वे १९६५ च्या लढाईत तुटली ती पुढे २००६ साली सुरू झाली आणि २०१९ साली पुन्हा बंद पडली. माणसांना जाता येईना, पण टोळांची ये-जा चालूच होती, म्हणून दोन्ही सरकारांना एकमेकांशी बोलणं भाग पडलं. अण्णा एका बैठकीला हजर होते. पत्रात लिहिलं : 'पलीकडच्यांनी त्यांच्या भागात टोळ निरंक असल्याचे सांगितले. आम्ही आमच्या भागात निरंक असल्याचे सांगितले. दोन्ही बाजूंनी समाधान व्यक्त करण्यात आले. चहा उत्तम होता.'

"एवढं वाळवंट तुडवून गेले ते एकमेकांना 'काही नाही' सांगायला?" आजी म्हणाली.

दाराआडून आईचा आवाज आला, "दोघांकडे काही नसलं म्हणजेच चहा गोड लागतो."

आई पत्रांवर बोलायची ती अशी, एखाद-दुसरं वाक्य. पण सगळ्यांत जास्त लक्ष देऊन तीच ऐकायची, कारण पत्रात सातवं कलम असे आणि ते तिच्यासाठी असे. अर्थात तिचं नाव त्यात कुठेच नसायचं. 'किरकोळ सूचना' असा मथळा असायचा आणि खाली साठवणीच्या धान्याच्या किडींविषयी मार्गदर्शन. उदाहरणार्थ : 'तांदळात पोरकिडे होऊ नयेत म्हणून बोरिक पावडर लावावी. तुरीच्या डाळीस एरंडेल चोळून डबे भरावेत. हे काम करणाऱ्या व्यक्तीने दुपारच्या उन्हात फार वेळ बसू नये.' किंवा : 'गव्हात कडुलिंबाचा पाला घालणे इष्ट. गहू निवडणाऱ्या व्यक्तीच्या डोळ्यांस ताण पडणार नाही याची दक्षता घ्यावी.' एकदा तर कहरच : 'पावसाळ्यात डब्यांत बिब्बे टाकावेत. बिब्बा उततो, तरी सदर व्यक्तीने तो हाती धरू नये, मुलाकडून टाकवून घ्यावा.' म्हणजे मुलाचे हात उतले तरी चालतील!

'व्यक्ती' हा शब्द आला की काकू पदराआड हसायच्या, आजी मुद्दाम छताकडे बघायची आणि स्वयंपाकघरात उगाचच एखादं भांडं पडायचं. आमच्या आळीत बायकांना गजरे मिळत, लुगडी मिळत, वाढदिवसाला अंगठी मिळाल्याचंही एक उदाहरण होतं. आईला पोरकिडे मिळत.

दसऱ्याचं पत्र मात्र पाकिटातून यायचं. कारण आंतर्देशीयात काही घालून पाठवायचं नसतं हा पोस्टाचा नियम आणि अण्णा नियमाचे पक्के. राजस्थानात ज्या झाडाला खेजडी म्हणतात ती म्हणजे आपली शमीच. वाळवंटात दुसरं काही उभं राहत नाही तिथे ती उभी असते. तिची चार वाळकी पानं पाकिटात असायची, कागदाच्या घडीत. सोबत मजकूर : 'नमुना जोडला आहे.' आजी त्यातली दोन पानं देवापुढे ठेवायची. उरलेल्या दोनांचं काय व्हायचं ते मला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

अण्णा टोळांबद्दल शास्त्रीय माहितीही कळवायचे, 'चिरंजीवांच्या ज्ञानात भर पडावी म्हणून.' एकटा टोळ हा मोठा भिडस्त प्राणी असतो. वाळूच्या रंगाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात, उडायचं तरी रात्री. पण पाऊस बरा झाला, प्रजा वाढली आणि चारा आटून ते सगळे एकाच झुडपावर दाटीवाटीने बसू लागले, की त्यांचं रूपच पालटतं. आधी गुलाबी, वयात आल्यावर पिवळे, दिवसाढवळ्या उडणारे आणि थव्याशिवाय एक पाऊल न हलणारे. पूर्वी लोकांना ह्या दोन वेगळ्या जाती वाटत. हा एकाच टोळाचा दुहेरी अवतार असतो, असं बोरिस उव्हारोव्ह या शास्त्रज्ञाने १९२१ साली मांडलं. पुढे २००९ साली असंही सिद्ध झालं, की गर्दीत एकमेकांचे मागचे पाय घासले गेले की टोळांच्या शरीरात सेरोटोनिन नावाचं द्रव्य वाढतं आणि तासा-दोन तासांत भिडस्ताचा दांडगट होतो. सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये चढलेल्या कुणालाही हे प्रयोगाशिवाय पटेल.

आजीला तर ते लगेच पटलं. मे महिन्यात आत्या, मावश्या, मामा यांची मिळून चौदा पोरं आमच्या घरी जमायची. "एकेकटी किती शहाणी असतात रे," ती म्हणायची, "आणि जमली की बघ, आंब्याची अढी एका दुपारी साफ." मुंबईच्या नावाचाही एक टोळ आहे, 'बॉम्बे लोकस्ट', आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने आपल्याकडेही धुमाकूळ घातला होता, असं एका पत्रात आलं, तेव्हा आजीने मुंबईहून आलेल्या मावसभावाकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

हे असं हसतखेळत चाललं होतं आणि १९७८ साल उजाडलं.

त्या वर्षी पावसाळ्यात पत्रं आधी विरळ झाली, मग थांबली. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. आजी रोज पोस्टमनशी भांडायची. चौथ्या आठवड्यात एक कार्ड आलं. त्यावर ना शिरसाष्टांग, ना कलमं. पेन्सिलीने एकच ओळ : 'टोळ आले. मी खुशाल.'

बारा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच! आजीला आनंद मावेना. एकवीस मोदक झाले, ढोल्या गणपतीला नैवेद्य गेला, आळीत प्रसाद वाटला. "माझ्या पोराला टोळ दिसले हो!" कुणी कुणी तर अभिनंदन करून गेले.

नंतरचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. ते मी वाचायला सुरुवात केली आणि मध्येच माझा आवाज खाली आला. अण्णांनी लिहिलं होतं, की एक चौरस किलोमीटरच्या धाडीत चार ते आठ कोटी टोळ असू शकतात आणि एवढी धाड एका दिवसात पस्तीस हजार माणसांच्या इतकं खाते. पण हे आकडे पुस्तकातले. पाहिलं ते निराळं होतं. एका ढाणीवरचा म्हातारा त्यांना आपल्या बाजरीच्या रानात घेऊन गेला. रानात नुसत्या काड्या उभ्या. म्हातारा रडला नाही की ओरडला नाही. 'साहेब, तुमच्या कागदावर आता काय लिहिणार?' एवढंच त्याने विचारलं. 'मी लिहिले,' असं अण्णांचं पत्र सांगत होतं, 'पण आजवर निरंक लिहीत होतो तेव्हा त्या शब्दात याची बाजरी होती, हे आज समजले.'

आजी बराच वेळ गप्प बसली. संध्याकाळी काठी टेकत एकटीच देवळात गेली. परत आल्यावर कुणी काही विचारलं नाही, पण जेवताना ती आपल्याशीच बोलावं तशी म्हणाली, "सांगून आले त्याला. म्हटलं, नवस फिटला, आता परत नको."

त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमाराला आईच्या पोटात दुखू लागलं. आधी ओवा झाला, हिंग झाला, मग साताऱ्याच्या एका दवाखान्यात नेलं आणि डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आजच. मी तेरा वर्षांचा होतो. तिसऱ्या दिवशी आईने मला खाटेजवळ बोलावलं आणि अण्णांना पत्र लिहायला सांगितलं. ती सांगत होती, मी लिहीत होतो : 'कृ. सा. न. वि. वि. इकडे सर्व क्षेम. काळजी नसावी. टोळांच्या गडबडीत उत्तराची घाई करू नये.'

"आई, ऑपरेशनचं?"

"लिही, सर्व क्षेम."

"पण—"

"ते तिकडे रानात आहेत. इथलं कळून काय करणार? लिही."

मी लिहिलं. ते पत्र मी पेटीत टाकून आलो त्याच दिवशी अण्णांचं पत्र घरी आलेलं होतं. आजीने ते दवाखान्यात आणलं. त्यातलं अक्षर अण्णांचं नव्हतं. गाडीच्या ड्रायव्हरने ते ऐकून ऐकून लिहिलेलं होतं, त्यामुळे त्याचं मराठी वाटेत कुठेतरी राजस्थानी पाणी प्यालेलं होतं : 'प्रकृती समाधानकारक है. हाताला थोडा मार लागला म्हणून दूसऱ्याकडून लिखवून घेत आहे. काळजी नसावी.' आम्ही सगळे हसलो. आई हसली नाही. तिने ते पत्र दोनदा उलटसुलट केलं आणि उशाखाली ठेवलं.

दहा-बारा दिवसांनी, आई घरी आली होती आणि ओसरीवर आरामखुर्चीत बसली होती, तेव्हा दारात टांगा थांबला आणि त्यातून अण्णा उतरले. हंगाम चालू असताना ते कधी आलेले नव्हते. निम्मे झाले होते, डोळे पिवळे, गळ्याला मफलर. ट्रंक नाही, फक्त पिशवी. ते दारातच उभे राहिले आणि त्यांनी आईकडे डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं, सावकाश, अगदी झुडपा-झुडपातून टोळ शोधावा तसं. मग म्हणाले,

"निरंक नाही."

आईनेही त्यांच्याकडे तसंच पाहिलं. सासूसमोर नवऱ्याशी ती कधी बोलत नसे. पण त्या दिवशी म्हणाली, "तिकडचाही अहवाल खोटाच होता म्हणायचा."

मग कळलं, की हाताला मार बीर काही लागलेला नव्हता. तीन आठवडे हिवतापाने ते तंबूत पडून होते, हातात पेन धरवत नव्हतं. चार दिवसांची किरकोळ रजा काढून, जोधपूर ते अहमदाबाद, अहमदाबाद ते मुंबई, मुंबई ते वाई असा प्रवास करून आले होते. चारातले तीन दिवस प्रवासातच जायचे होते. राहिलेल्या एका दिवसात त्यांनी धान्याचे सगळे डबे उघडून तपासले, डॉक्टरांचे कागद वाचले, आईच्या गोळ्या मोजल्या आणि पिशवीतून शमीची पानं काढून आजीच्या हातात दिली. दसरा होऊन गेला होता. पण त्या वर्षी नमुना स्वतः जोडायला आले होते.

अण्णा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. वाईचं घर आवरताना दोघांची पत्रं माझ्या हाती लागली. आईने अण्णांची पत्रं पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली होती, लुगड्यांच्या घडीत, आणि जन्मभर लोकांचं किडींपासून रक्षण करणाऱ्या माणसाच्या पत्रांना कसर लागली होती! प्रकृती आणि समाधानकारक यांच्यामध्ये नेमकं भोक. एका कागदाच्या घडीत मात्र शमीची वाळकी पानं जपून ठेवलेली होती, दर वर्षाची दोन.

अण्णांनी आईची पत्रं फाईलमध्ये लावलेली होती. कडुलिंबाचा पाला घातलेली, त्यामुळे एकही टिंब हललेलं नव्हतं. प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक, आल्याची तारीख आणि सही. मी ऑक्टोबर १९७८ चं ते पत्र शोधून काढलं. माझं तेरा वर्षांचं वेडंवाकडं अक्षर, 'सर्व क्षेम', आणि समासात लाल पेन्सिलीने अण्णांचा शेरा : 'हस्ताक्षर चिरंजीवांचे. कारण नमूद नाही. प्रत्यक्ष पाहणी आवश्यक.'

त्यांच्या खात्यात पाहणीची रीत काय होती ते मला आता नीट कळतं. गाडी थांबवून खाली उतरायचं, झुडपांतून काही शे पावलं चालायचं, पायांपुढून किती उडाले ते मोजायचे, मग खाली बसून वाळू हाताने उकरायची आणि ओल किती खोल आहे ते बोटांनी बघायचं. अशी दिवसभरात आठ-दहा ठिकाणं झाली, की संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात एक शब्द लिहायचा. घरी बसून लिहिलेला आणि वीस मैल तुडवून लिहिलेला, निरंक दिसायला सारखाच दिसतो.

टोळांचं म्हणाल, तर १९९३ साली ते पुन्हा मोठ्या संख्येने आले आणि मग सव्वीस वर्षं तसे शांत राहिले. ज्या बी.एच.सी. पावडरीने अण्णांच्या शर्टाच्या बाह्या कायमच्या पांढुरक्या झाल्या होत्या, तिच्यावर १९९७ साली सरकारने बंदी घातली. आणि २०१९ साली टोळ राजस्थानात उतरले ते २०२० च्या मे महिन्यात थेट आपल्या विदर्भात येऊन पोचले. आजी असती तर तिने गणपतीला जाब विचारला असता.

तेव्हा सगळा देश घरात कोंडलेला. आईचा भाचा काटोलकडे असतो, त्याची संत्र्याची बाग आहे. त्याचा फोन आला, "आत्या, आभाळ गुलाबी झालंय! आम्ही थाळ्या वाजवतोय!" त्या साली थाळ्या वाजवायची सवय झालीच होती सगळ्यांना.

आईने आयुष्यात एकही टोळ पाहिलेला नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई खुर्चीत सरळ बसली आणि म्हणाली, "गुलाबी म्हणजे अजून वयात आलेले नाहीत, अंडी घालायचे नाहीत. पण खातील. थाळ्यांनी मरत नाहीत रे ते, नुसते शेजाऱ्याच्या बागेत जातात. ऊन उतरलं की खाली बसतील. कुठल्या झाडांवर बसतात ते नीट बघून ठेव आणि आत्ताच्या आत्ता कृषी खात्याला कळव. फवारायचं ते रात्री, पहाटे ऊन चढायच्या आत. नंतर उडाले की गेले. आणि वारा कुठून आहे?"

"वारा?" भाचा म्हणाला.

"बाहेर जाऊन बघ," आई म्हणाली, "मी धरते फोन."

दुसऱ्या दिवशी त्याचा पुन्हा फोन आला. रात्री फवारणी झाली, बाग बरीचशी वाचली. "आत्या, तुम्हाला हे सगळं कुणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"पत्रं यायची," आई म्हणाली.

आता पत्रं येत नाहीत. माझा मुलगा नोकरीनिमित्त बंगलोरला असतो. रोज सकाळी न चुकता आजीच्या फोनवर त्याचा निरोप येतो : एक वर केलेला अंगठा. आई चष्मा लावून त्या अंगठ्याकडे बराच वेळ बघते, फोन उजेडात धरून, उलटसुलट करून.

"ह्यात अक्षर कुठाय रे?" ती मला म्हणते. "लाव त्याला फोन. तोंड दिसतं तो लाव. आणि म्हणावं, खिडकीजवळ उभा राहा."